नडगीवरच्या रेघा: हिवाळ्यातल्या एका खाजेचं प्रकरण

पार्श्वभूमी

आजींचं वय ७१. निफाड तालुक्यातल्या एका गावात द्राक्षबाग, सहा माणसांचं घर. रक्तदाबाची गोळी सहा वर्षांपासून चालू, त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. साखर नाही, दमा नाही, आयुष्यात कधी कातडीचा आजार नाही. पहाटे साडेपाचला उठायचं, आंघोळ करून देवपूजा करायची, मग चुलीवर भाकऱ्या. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच, हा त्यांचा नेम. (मी त्वचारोगतज्ज्ञ. आजींच्या आणि त्यांच्या सुनेच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.)

त्या वर्षी दिवाळीआधी घरातलं जुनं न्हाणीघर पाडून फरशीची नवी बाथरूम झाली. तांब्याचा बंब माळ्यावर गेला आणि गॅसचा गीझर आला. विहिरीऐवजी बोअरचं पाणी थेट नळाला आलं. ही माहिती पहिल्या भेटीत मला कुणी दिली नाही, कारण मी ती विचारलीच नव्हती.

कार्तिक सरता सरता आजींना खाज सुटू लागली. आधी पायांना, मग कमरेला, मग हातांना. निफाडची थंडी बोचरी असते, हिवाळ्यात राज्यातला सगळ्यात खाली गेलेला पारा बऱ्याचदा इथलाच असतो. बागेत शेकोट्या पेटायला लागल्या तसतशी आजींची खाज वाढत गेली. मुलाला वाटलं, द्राक्षावरच्या फवारणीमुळे झालं. आजींना वाटलं, रक्त बिघडलं. त्यांनी वांगं सोडलं, शेंगदाणे सोडले, दही आणि लोणचं सोडलं. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ सुरू केली. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. त्यात स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक असं तिन्ही होतं. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी खाज परत, आणि आधीपेक्षा जोरात. गावातल्या डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक गोळी दिली. तिने झोप लागली, पण पहाटे उठताना तोल जाऊन आजी दाराच्या चौकटीला धडकल्या. तेव्हा सुनेने ती गोळी बंद केली आणि त्यांना माझ्याकडे आणलं.

पहिली भेट

जानेवारीचा पहिला आठवडा, बाजाराचा दिवस, बाहेर गर्दी. आजींनी दोन्ही हात पुढे केले. कोपराखाली ओरखडे होते, काहींवर खपल्या. "रात्री अंथरुणात शिरलं की सुरू होतं मॅडम. जीव नको होतो," त्या म्हणाल्या. सून म्हणाली, "दोन दिवसांपासून पोरगाही कमरेला खाजवतोय."

रात्री वाढणारी खाज आणि एकाच घरात दोन माणसं म्हटलं की कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या मनात पहिलं नाव खरजेचं येतं. मी बोटांच्या बेचक्या पाहिल्या, मनगटं पाहिली. खरजेचा किडा कातडीत पोखरत जातो तेव्हा बारीक वाकडी रेघ दिसते, ती कुठे दिसली नाही. तरीही मी खरजेचंच औषध लिहिलं: पर्मेथ्रिनचं मलम, मानेपासून पायापर्यंत, रात्रभर ठेवायचं, आठवड्याने पुन्हा एकदा. घरातल्या सहाही जणांनी लावायचं. पांघरुणं उकळून उन्हात टाकायची.

म्हाताऱ्या माणसांत खरूज फसवी असते, खुणा दिसत नाहीत, म्हणून संशयावरून उपचार करणं गैर नाही. माझी चूक वेगळी होती. आजींच्या अंगावर नऊवारी होतं आणि मी त्यांचे पाय पाहिले नाहीत. खाज पायांपासून सुरू झाली हे त्यांनी सांगितलं होतं. मी ते कागदावर लिहिलंही होतं, आणि पाहिले मात्र हात.

दुसरी भेट

तीन आठवड्यांनी त्या आल्या त्या थकलेल्याच. खाज दुप्पट झाली होती. नातवाची खाज म्हणजे कमरपट्ट्याखालचा नायटा निघाला होता. सहा माणसांनी दोन-दोनदा मलम चोपडलं होतं, सुनेने थंडीत दोनदा घरभरची पांघरुणं धुतली होती, आणि उपयोग शून्य. आजींचं वजन ५२ किलोवरून ४९ वर आलं होतं.

म्हातारपण, अंगभर खाज आणि वजनात घट या तीन गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. लिव्हर, किडनी, थायरॉइड, रक्तातला एखादा गंभीर आजार, यादी लांब असते. मी तपासण्यांचा कागद ओढला आणि लिहायच्या आधी या वेळी आजींना कॉटवर बसवलं, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितलं आणि समोर स्टुलावर बसले.

जुन्या लोणच्याच्या बरणीच्या चकाकीवर बारीक रेघांचं जाळं पडतं, तुम्ही पाहिलं असेल. आजींच्या दोन्ही नडग्यांवर तसंच जाळं होतं. रेघा लालसर, मधली कातडी कोरडी आणि तुकड्यातुकड्यांची, कडेला सुटत आलेली. दोन-तीन रेघांतून रक्ताचा पुसटसा ठिपका. मी नखाने हलकी रेघ ओढली तर पाटीवर पेन्सिल ओढावी तशी पांढरीफेक उमटली.

मग खाज कुठे आहे आणि कुठे नाही, ते मी त्यांच्याकडूनच बोटाने दाखवून घेतलं. नडग्या, पोटऱ्यांची बाहेरची बाजू, मांड्या, कंबर, कोपराखालचे हात, इथे खाज होती. चेहऱ्यावर, डोक्यात, छातीच्या मध्यभागी, दोन खांद्यांच्या मध्ये मात्र नव्हती. पाठीचा मधला भाग हाताने खाजवता येत नाही, म्हणून तिथे ओरखडे नसतात हे खरं. पण आजींना तिथे खाजच नव्हती.

हा नकाशा मी शिकताना शंभरदा पाहिला होता, फक्त उलटा. ज्या ज्या जागी त्वचा स्वतःचं तेल भरपूर बनवते, त्या सगळ्या जागा आजींच्या अंगावर ठीक होत्या.

त्वचेचं तेल दोन ठिकाणाहून येतं

इथे थोडं थांबून हे सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

आपण ज्याला अंगाचं तेल म्हणतो ते एक नसतं, दोन असतात. पहिलं म्हणजे सीबम. केसांच्या मुळाशी चिकटलेल्या बारीक ग्रंथी ते बनवतात. त्यांच्या पेशी चरबीने भरत जातात आणि शेवटी फुटून स्वतःच तेल होऊन बाहेर येतात. त्यात ट्रायग्लिसराइड आणि मेदाम्लं असतात, मेण असतं, स्क्वालीन असतं. चेहऱ्यावर आणि डोक्यावर या ग्रंथी एका चौरस सेंटीमीटरला ४०० ते ९०० असतात, हातापायांवर १०० हून कमी, तळहात-तळपायांवर एकही नाही. नडगीला मुळात कमी वाटा आलेला. या ग्रंथी चालतात त्या अँड्रोजन हार्मोनच्या इशाऱ्यावर, म्हणून वयात येताना चेहरा तेलकट होतो. पाळी थांबल्यावर बायकांचं सीबम घसरत जातं. पुरुषांचं मात्र बरंच उशिरापर्यंत टिकतं, कदाचित म्हणूनही त्याच घरात, त्याच पाण्याने आंघोळ करणाऱ्या ७६ वर्षांच्या आजोबांना काही झालं नव्हतं.

दुसरी चरबी ग्रंथींतून येत नाही. ती त्वचेच्या पेशी स्वतः तयार करतात आणि वरच्या थराला पोचण्याआधी आपल्या अवतीभवती ओततात. सर्वांत वर सपाट, मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर असतात. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामध्ये भरलेला चुना म्हणजे ही चरबी. वजनाने साधारण निम्मं सिरॅमाइड, बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. अंगातलं पाणी उडून जाऊ न देण्याचं खरं काम या चुन्याचं आहे. सीबम वरून तुकतुकी देतं, थोडा हात लावतं, पण भिंत धरून ठेवतो तो चुनाच. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे युरियासारखे पदार्थही असतात. चुना गळला की तेही पाण्याबरोबर वाहून जातात. विटा आकसतात, सांधे उघडे पडतात. आजींच्या नडगीवर तेच दिसत होतं.

वय झालं की हा चुना कमी बनतो आणि हळू बनतो. म्हातारी त्वचा वरून ठीक दिसते, पण एकदा ओरबाडली की भरून यायला तरुण त्वचेपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. नातवाची त्वचा आज साबणाने कोरडी झाली तरी उद्यापर्यंत बरीचशी सावरते. आजींची सावरायच्या आत दुसऱ्या दिवशीची आंघोळ येते. तूट रोज साठत जाते.

या आजाराला अ‍ॅस्टिअ‍ॅटॉटिक एक्झिमा म्हणतात. ग्रीक भाषेत 'स्टिअर' म्हणजे चरबी. चरबी नसल्याने झालेला एक्झिमा, असा नावाचा अर्थ. आणि हो, या आजारातही खाज रात्रीच वाढते. पांघरुणात अंग तापतं, लक्ष दुसरीकडे नसतं. रात्रीची खाज ही एकट्या खरजेची मक्तेदारी नाही.

आंघोळीची चौकशी

मी विचारलं, "आजी, आंघोळ कशी करता? पहिल्या तांब्यापासून सांगा."

आजी सांगू लागल्या आणि सून मध्ये मध्ये भर घालत गेली. बंब होता तेव्हा सहा जणांत पाणी वाटून घ्यावं लागायचं. आजींच्या वाट्याला एक बादली, त्यात थंड विसण घालायचं, पाच मिनिटांत आंघोळ उरकायची. गीझर आल्यापासून पाणी संपत नाही. आजी पंधरा-वीस मिनिटं कढत पाणी घेत राहतात. "चटका बसला की खाज मरते, तेवढंच सुख," त्या म्हणाल्या. हे खरंच आहे. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती दबते. पण गरम पाणी तोच चुना मऊ करून साबणाच्या हवाली करतं. सुखाची किंमत तासाभराने चुकवावी लागायची.

साबण कुठला? करोनाच्या दिवसांपासून घरात जंतुनाशक साबण होता. खाज सुटल्यावर आजी तो दोनदा लावू लागल्या, शिवाय बादलीत झाकणभर जंतुनाशक द्रावण. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, निरोगी त्वचेचा पाचाच्या आसपास, म्हणजे आंबटसर. ती आंबट बाजू बिघडली की चुना बनवणारी एन्झाइमंही नीट चालत नाहीत. त्यात बोअरचं जड पाणी. साबण त्यातल्या कॅल्शियमशी मिळून चिकट साका करतो, तो धुऊन निघत नाही, अंगावर बसून राहतो.

आणि शेवटी वजरी. नडगीवरचे पांढरे पापुद्रे म्हणजे मळ, अशी आजींची समजूत. रोज टाचांबरोबर नडग्याही त्या वजरीने घासत होत्या. तेलही लावत होत्या हो! तिळाचं तेल, आंघोळीच्या आधी. मग तेच तेल दोनदा साबण लावून काढून टाकत होत्या.

समोर असलेले पर्याय

तपासण्या करायच्या की नाही, हा पहिला प्रश्न. निदान डोळ्यांसमोर होतं, तरी वजन घटलं होतं. मी मोजक्याच केल्या: रक्तातल्या पेशींची मोजणी, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, लिव्हर. पोटाची सोनोग्राफी आणि बाकीचं थांबवलं. सगळं ठीक आलं, फक्त हिमोग्लोबिन १०.९ होतं. वजनाचं कोडं सुनेच्या एका वाक्याने सुटलं: "पथ्य म्हणून भाकरी अन् मुगाचं वरण, एवढंच खात्यात." दोन महिने आजी जवळजवळ उपाशी होत्या. मी त्यांना शेंगदाण्याची चटणी आणि दही त्याच दिवसापासून सुरू करायला सांगितलं.

रक्तदाबाच्या गोळीतल्या लघवी वाढवणाऱ्या औषधाने कोरडेपणा वाढू शकतो. पण गोळी सहा वर्षांची आणि खाज दोन महिन्यांची. त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि आम्ही गोळीला हात न लावण्याचं ठरवलं.

खाजेची झोप आणणारी गोळी नको, हे चौकटीवरच्या धडकेने आधीच ठरलं होतं. शिवाय ती गोळी हिस्टामिन या अंगातल्या रसायनाला अडवते, आणि या खाजेत त्याचा वाटा फारसा नसतो. त्या गोळीने फक्त गुंगी येते.

स्टेरॉइड मलमाबद्दल मी बराच विचार केला. दुकानातल्या ट्यूबने आधीच घोळ घातला होता. २०१८ मध्ये सरकारने त्वचेला लावायची बरीच स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी अशा मिश्र ट्यूबा सहज मिळतात, आणि पातळ म्हाताऱ्या कातडीवर त्या महिनोन्‌महिने लावल्या तर ती कागदासारखी होते. पण रेघा लाल होत्या, सुजल्या होत्या. नुसत्या मॉइश्चरायझरने ती आग शमायला आठवडे लागले असते आणि आजींचा धीर सुटला असता. म्हणून मध्यम ताकदीचं साधं स्टेरॉइड, फक्त लाल भागावर, दिवसातून एकदा, दहा दिवस. थांबवायची तारीख मी ट्यूबवरच पेनाने लिहिली.

काय लावायचं, हा सगळ्यात व्यवहारी प्रश्न. सिरॅमाइड असलेली क्रीमं चांगली असतात. पण पाय, कंबर आणि हातांना दिवसातून दोनदा लावायचं तर आठवड्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम लागतं. महिन्याचा खर्च दीड-दोन हजारांवर गेला असता. महाग क्रीम माणूस पुरवून पुरवून वापरतो, आणि पुरवून वापरलेलं मॉइश्चरायझर न लावल्यासारखंच. साधी पांढरी पेट्रोलियम जेली स्वस्त असते आणि पाणी उडू न देण्यात तिच्याइतकं प्रभावी फार थोडं आहे. खोबरेलही उपयोगी पडतं. सगळी तेलं मात्र सारखी नसतात. ऑलिव्ह तेलासारख्या तेलांत ओलेइक आम्ल भरपूर असतं, आणि ते चुन्याचे थर विस्कटतं. सूर्यफुलाच्या तेलातलं लिनोलेइक आम्ल सिरॅमाइड बनवायला उपयोगी पडतं. ढाक्यातल्या एका रुग्णालयात फार लवकर जन्मलेल्या बाळांना हे तेल चोळल्यावर त्यांच्यातले जंतुसंसर्ग कमी झाले होते. दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळाची भिंतही कच्ची असते. आम्ही ठरवलं: आंघोळीनंतर खोबरेल, रात्री जेली.

मुलाने मध्येच विचारलं, "पाणी मऊ करायचं मशीन बसवू का? एक जण माहिती देऊन गेलाय." मी नको म्हटलं. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर याचीच चाचणी झाली होती, २०११ मध्ये निकाल आला. मशीन बसवलेल्या घरांतल्या मुलांचा आजार इतरांपेक्षा जास्त सुधारला नाही. म्हातारपणीची खाज वेगळी असेल, पण या आशेवर त्याने इतका खर्च करावा असं मला वाटलं नाही.

काय केलं

कागदावर मी हे लिहून दिलं. पाणी कोमट, कोपर बुडवून पाहायचं. आंघोळ सात मिनिटांच्या आत. द्रावण आणि कडुलिंबाचं पाणी बंद, वजरी फक्त टाचांना. साबण काखा, जांघा आणि पावलं एवढ्यालाच. तोही साबण नाही तर सौम्य, सामू पाचाच्या जवळ असलेली वडी. (अशा वडीच्या वेष्टनावर 'बेदिंग बार' असं असतं. टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीत ७६ टक्के टीएफएम, म्हणजे साबणातला एकूण मेद, लागतं, त्या आकड्याशी तुलना करून अनेक जण या वडीला हलकी समजतात. तिची गोष्टच वेगळी. त्वचेच्या दृष्टीने ती बरी.) अंग टिपायचं, चोळायचं नाही, आणि दोन-तीन मिनिटांत, ओलसर असतानाच तेल लावायचं.

साबणावरून आजी अडल्या. "बिनसाबणाच्या आंघोळीने देवाला कसं शिवू?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. पन्नास वर्षं ज्या बाईने पारोशा अंगाने देवघरात पाऊल टाकलं नाही, तिच्यासाठी तो खरा प्रश्न होता. मी विचारलं, "आजी, तुमच्या लहानपणी रोज साबण होता का?" त्या थोडं थांबल्या. "नव्हता. दिवाळीला वडी यायची एक." "मग तेव्हाची पूजा चालायची ना?" त्या काही बोलल्या नाहीत, पण मान हलवली.

चुलीची गोष्ट माझ्या नजरेतून निसटली नाही ती सुनेमुळे. जेली लुगड्याला लागते हे तिने सांगितलं, आणि मला ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये दिलेला इशारा आठवला: अशी मलमं कपड्यांत मुरली की ते कपडे पटकन पेट घेतात, आणि धुऊनही ती पुरती निघत नाहीत. नडग्यांना जेली लावून चुलीसमोर बसलेल्या आजी माझ्या डोळ्यांसमोर आल्या. म्हणून जेली फक्त रात्री, झोपायच्या जुन्या लुगड्यात. सकाळी चुलीपाशी जाण्याआधी दुसरं लुगडं. सकाळचं खोबरेलही मुरेल इतकंच, आणि बाथरूमच्या बाहेर खाटेवर बसून लावायचं, नाहीतर फरशीवर पाय घसरायचा.

तिसरी भेट

दहा दिवसांनी लाली कमी होती, पण खाज जवळपास तशीच. सगळं केलं का? सगळं केलं. पाणी कोमट? कोमट. सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

मी टेबलावरच्या बेसिनमध्ये गार आणि गरम पाणी मिसळून आजींना हात बुडवायला सांगितला, "तुमचं कोमट होईल तेव्हा थांबवा." त्या थांबा म्हणाल्या तेव्हा माझा हात त्या पाण्यात ठरेना. आजी खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या भाकरी थापून रापलेल्या हातांना ते पाणी कोमटच होतं. 'कोमट' हा शब्द लिहून दिला की काम झालं, असं मी धरून चालले होते.

तेव्हा मोजमाप सुनेच्या हाती दिलं. एक बादली, तीत गीझरचं गरम पाणी खुणेपर्यंत, वर गार. खूण तिने नेलपॉलिशने केली. पाणी सुनेने किंवा नातीने काढून द्यायचं आणि गीझरचा नळ बंद करायचा. पुन्हा बंबासारखं झालं: एक बादली, संपली की संपली. त्याच दिवशी मी आजींच्या एका पायाला जेली स्वतः लावून दाखवली. आधी त्या हरभऱ्याएवढी घेत होत्या. मी लिंबाएवढा गोळा घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं बाई, एवढी?"

परिणाम

त्यानंतर पाचव्या-सहाव्या रात्री त्या सलग झोपल्या. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नडग्यांवरचं जाळं पुसट झालं होतं, मार्चच्या मध्याला गेलं. स्टेरॉइड दहाव्या दिवशी थांबवलं ते पुन्हा लागलं नाही. वजन ५१. हिमोग्लोबिनसाठी लोहाची गोळी तीन महिने. थंडी ओसरली याचाही सुधारण्यात वाटा होता, सगळं श्रेय बादलीला देणं बरोबर नाही.

पुढच्या डिसेंबरात खाज परत आली. कमी, पण आली. उन्हाळ्यात त्वचा छान झाल्यावर खूण असलेली बादली गुरांच्या गोठ्यात गेली होती आणि जंतुनाशक साबण परत आला होता. या वेळी मात्र सून आठ दिवसांत घेऊन आली आणि दोन आठवड्यांत आटोपलं. त्यानंतर आम्ही एक ठरवलं: नरक चतुर्दशीच्या अभ्यंगापासून रोजचं तेल सुरू करायचं, खाज सुटायची वाट पाहायची नाही. तो दिवस थंडीच्या तोंडावरच येतो आणि तेल लावायचं हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. भरड उटणं मात्र नडगीवर घासायचं नाही, आणि उटण्यानंतर वर साबण नको.

आता मागे पाहताना

पहिल्याच दिवशी नडग्या पाहिल्या असत्या तर सहा माणसांचं औषध आणि तीन आठवडे वाचले असते. खरजेची रेघ दिसत नाही आणि बेचक्या स्वच्छ आहेत, हे मी नोंदवलं होतं पण त्याला वजन दिलं नाही. दुर्बिणीसारखं एक साधं भिंग माझ्या टेबलावर असतं. गर्दीत ते उचललं नाही. किमान गर्दीचं कारण सांगून घरभर औषध देण्याऐवजी आजींना दोन दिवसांनी दुपारी निवांत बोलवायला हवं होतं.

दुसरं, आंघोळीचं पाणी कोण काढतं, हे मी पहिल्यांदा विचारायला हवं होतं. सगळ्या सूचना मी आजींना दिल्या, आणि गीझरचा नळ होता सुनेच्या आणि नातीच्या हातात. तिसऱ्या भेटीपर्यंत मी त्यांच्याशी नीट बोललेच नव्हते.

पथ्याबद्दलही. खाजेसाठी काय काय सोडलं, हे विचारलं असतं तर वजनाची धास्ती आम्हा कुणालाच बाळगावी लागली नसती. आपल्याकडे खाज आणि 'वातूळ' खाणं यांची इतकी घट्ट सांगड आहे की माणसं ते औषधाइतकं महत्त्वाचं मानून करतात आणि डॉक्टरला सांगायचं त्यांच्या डोक्यातही येत नाही.

एक निर्णय अजून मला पूर्ण पटलेला नाही. मिश्र ट्यूब देणाऱ्या दुकानदाराशी मी बोलले नाही. आजींच्या मुलाने नको म्हटलं, गावात रोजचा संबंध, वाईटपणा नको. मी ऐकलं. त्याच दुकानातली तीच ट्यूब घेऊन त्या हिवाळ्यात आणखी दोन जण माझ्याकडे आले.

या दिवाळीत आजी रक्तदाब मोजायला आल्या तेव्हा न सांगता त्यांनी लुगडं थोडं वर घेऊन पाय पुढे केला. मी नखाने रेघ ओढली. काही उमटलं नाही. सून म्हणाली, "बादली आणलीय गोठ्यातून. खूण पुसली होती, परत केली."